पार्सल साकवापाशी का थांबते? : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : ग्रामीण भागात पार्सल घरपोच मिळण्याचा आणि गावातून पार्सल पाठवण्याचा समान हक्क

महोदय,

सविनय नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातून मी हे पत्र लिहीत आहे. महसुली दप्तरात आमचे गाव एक असले, तरी कोकणातील बहुतेक गावांप्रमाणे ते वाड्यांवाड्यांत विखुरलेले आहे. आमच्या सात वाड्यांपैकी दोन पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहेत, धनगरवाडा त्याहून वर डोंगराच्या अंगावर आहे आणि पावसाळ्याचे चार महिने या सगळ्यांना जोडून ठेवतो तो एकच अरुंद साकव, म्हणजे पायी ओलांडायचा छोटा पूल. गावातील महिला बचत गटाचे हिशेब आणि गटाच्या मालाची पार्सले बांधून पाठवण्याचे काम मी गेली ११ वर्षे पाहते. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या आणि आमच्याकडून जाणाऱ्या खोक्यांचा प्रवास मला जवळून ठाऊक आहे. आपल्या घराण्याचे मूळ सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे आणि टपाल खाते आज आपल्याकडे, म्हणून हे गाऱ्हाणे मराठीतूनच आपल्यापुढे मांडत आहे.

गेल्या जुलै महिन्यातील एक गोष्ट आधी सांगते. पऱ्यापलीकडच्या वाडीत माझी एक काकी राहते. तिचे वय ७४, मधुमेह जुना आणि साखर घरीच तपासण्याची डॉक्टरांची ताकीद. यंत्राच्या पट्ट्या संपत आल्या, म्हणून तिच्या मुंबईतील मुलाने त्या मोबाइलवरून मागवल्या. पैसे आगाऊ भरले होते, पडद्यावर ‘घरपोच’ असे लिहिलेले होते आणि तारीखही दिलेली होती. त्या तारखेला देवरुखहून काकीला फोन आला की तुमच्या गावात आमची गाडी येत नाही, इथे येऊन पार्सल घेऊन जा. देवरुख आमच्यापासून २६ किलोमीटरवर आहे आणि एसटी सकाळी एक व दुपारी एक. भर पावसात साकव ओलांडून थांब्यापर्यंत येणेच काकीला शक्य नव्हते आणि तसे तिने फोनवर सांगितलेही. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलाला मुंबईत संदेश मिळाला, की पार्सल देण्याचा तीन वेळा प्रयत्न केला, ग्राहक घरी आढळला नाही, सबब पार्सल परत पाठवण्यात येत आहे. ते तिन्ही दिवस काकी पडवीत बसून होती. तिच्या पडवीतून साकव समोर दिसतो आणि त्यावरून कोण आले, कोण गेले हे तिला चष्म्याशिवायही कळते.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी देवरुखला गेले. कुरिअरचे कार्यालय म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. शटरच्या आत भिंतीला लागून खोकी रचलेली होती आणि प्रत्येकावर जाड मार्करने गावाचे नाव लिहिलेले होते. ती नावे मी वाचत गेले. सगळी आमच्याच बाजूची, घाटाखालची गावे होती आणि काही खोक्यांवर साचलेली धूळ पाहून ती तिथे बरेच दिवस पडून असावीत हे उघड दिसत होते. काकीचे पार्सल आदल्या संध्याकाळीच परत गेले होते. तिथे बसलेला मुलगा विशीतला, बोलायला सरळ. त्याने वाद घातला नाही. तो म्हणाला, “ताई, मला पार्सलामागे पैसे मिळतात. गाडी माझी, पेट्रोल माझे. तुमच्या वाडीत एक पट्ट्यांची डबी घेऊन आलो, तर पेट्रोलसुद्धा सुटत नाही. आणि ‘दिले नाही’ असे लिहिले, तर वरून मला विचारणा होते. ‘घरी नव्हते’ असे लिहिले, की कोणी विचारत नाही.”

त्या मुलाचा मला राग आला नाही. आजही येत नाही. त्याने मला अवघ्या पाच वाक्यांत ही सगळी व्यवस्था समजावून सांगितली. जी कंपनी शहरात बसून ‘घरपोच’ म्हणून पैसे घेते, ती शेवटच्या २६ किलोमीटरांचा खर्च धरतच नाही. तो खर्च तिने त्या मुलावर ढकललेला आहे, त्याला तो पेलत नाही, म्हणून तो आमच्यावर येतो. काकीसाठी तो खर्च म्हणजे दुसऱ्याची हाजरी बुडवून मागितलेला एक दिवस. माझ्यासाठी तो जाण्यायेण्याचे तिकीट आणि रिकाम्या हाताने परत येणे.

आता त्याच पट्ट्यांचा दुसरा प्रवास. काकीच्या मुलाने त्या मुंबईतील दुकानातून विकत घेतल्या आणि स्पीड पोस्टाने पाठवल्या. चौथ्या दिवशी आमच्या शाखा डाकघराचे डाक सेवक छत्री सांभाळत साकवावरून पलीकडे गेले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डबी त्यांनी खाकी झोळीतून काढली, काकीच्या पदराला हात पुसायला लावून मोबाइलच्या पडद्यावर तिची सही घेतली आणि परतताना देवळाच्या चौथऱ्यावर थांबले, कारण आमच्याकडे रेंज तेवढ्या एकाच जागी येते आणि नोंद तिथूनच वर जाते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, “काकींना पट्टी लावता येते ना, की कोणी दाखवायला हवे?” महोदय, आमच्या पत्त्यावर वस्तू पोहोचवता येते, याचा याहून वेगळा पुरावा मी काय देणार?

या दोन प्रवासांतला फरक माणसांच्या चांगुलपणाचा नाही, रचनेचा आहे. टपालाचा दर गाव पाहून ठरत नाही. १ ऑक्टोबर १८५४ रोजी या देशात अर्ध्या आण्याचे तिकीट लागू झाले, तेव्हा हलक्या पत्राला अंतर कितीही असो, एकच दर ठरला. पार्सलाचा आणि स्पीड पोस्टाचा दर आज अंतरावर आणि वजनावर ठरतो, हे मी जाणते. तरी पलीकडच्या वाडीचे म्हणून वेगळे पैसे कोणी मागत नाही आणि ‘तुमचा पिनकोड आमच्या यादीत नाही’ असेही कोणी सांगत नाही. देशातील सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरांपैकी जवळजवळ नव्वद टक्के डाकघरे ग्रामीण भागात आहेत. एवढी माणसे आणि एवढी पोहोच आज दुसऱ्या कोणाकडेही नाही.

पिनकोडाविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण आमची अडवणूक होते ती त्या सहा आकड्यांवरूनच. पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे जाणते कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि त्यामुळे भलतीकडे जाणारी पत्रे, या अडचणीवर त्यांनी हा उपाय काढला. पत्र योग्य गावी पोहोचावे, एवढ्यासाठीच हे आकडे जन्माला आले. तेच आकडे आज मोबाइलच्या पडद्यावर टाकले, की ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. देशात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत आणि खेडी सुमारे ६ लाख, म्हणजे एका पिनकोडात सरासरी तीसेक गावे तरी येतात. त्यांतील एक-दोन गावे दुर्गम म्हणून कंपनीने सगळाच पिनकोड वगळला, तर हमरस्त्यावरचे गावही वगळले जाते. उलट पिनकोड यादीत घेतला आणि वाड्यांचा विचार केलाच नाही, तर काकीच्या बाबतीत घडले तेच घडते. आपल्याच खात्याने २०२५ साली डिजिपिन आणला आहे. साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला त्यात दहा अक्षरी संकेत मिळतो. काकीचे घर, तिची पडवी, साकवाचे दोन्ही टोक आता नकाशावर नेमके दाखवता येते. तेव्हा ‘पत्ता सापडत नाही’ ही सबब यापुढे कोणी पुढे करू नये, अशी माझी अपेक्षा आहे.

येणाऱ्या पार्सलाविषयी लोक थोडेफार बोलतात. जाणाऱ्या पार्सलाविषयी फारसे कोणी बोलत नाही आणि आमच्या गटाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा आमची आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी हातोहात जाते. पुढचे आठ-दहा महिने मात्र मागणी फोनवर येते, ठाण्याहून, पुण्याहून, डोंबिवलीहून, आणि आता आता नागपूरहूनही. गावातून माल उचलायला कोणतीही कुरिअर कंपनी येत नाही. आमच्यापैकी एकीला खोकी घेऊन एसटीने देवरुखला जावे लागते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा मोठा आधार आहे, परंतु खोक्यांचे लगेज वेगळे लागते आणि जी जाते तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. शाखा डाकघरात पार्सल नोंदवता येते आणि आम्ही ते करतोही. अडचण पुढे येते. आमच्या डाकघराची पिशवी दुपारच्या एसटीने जाते. पिशवीत जेवढे मावते तेवढेच त्या दिवशी जाते आणि उरलेले दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात आमची नऊ खोकी अशी तीन दिवस थांबली होती. त्यात फणसपोळीही होती आणि गिऱ्हाईक रोज फोन करून विचारत होते. बचत गटाच्या बाईला मोबाइलवर विक्री कशी करावी याचे प्रशिक्षण शासन देते, तिला मालाचा फोटो काढायला शिकवते, पैसे स्वीकारण्याचा कोड तिच्या हाती देते. त्यानंतर ते खोके गावाबाहेर कसे न्यायचे, हा प्रश्न तिच्यावरच सोडला जातो.

आता कायद्याकडे येते. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने आपल्या मंत्रालयाशी संबंधित दोन कायदे मंजूर केले. दूरसंचार कायद्याने जुन्या सार्वत्रिक सेवा दायित्व निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले आणि त्याची कक्षा वाढवली. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम त्यासाठी देतात आणि जिथे मोबाइलचा मनोरा उभारणे परवडत नाही तिथे तो या पैशातून उभा राहावा, हा त्यामागचा विचार आहे. त्याच महिन्यात मंजूर झालेला टपाल कार्यालय कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि १८९८ चा जुना कायदा गेला. जुन्या कायद्यात पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार शासनाकडे होता. नव्या कायद्यात तिकिटे छापण्याखेरीज तसा एकाधिकार उरलेला नाही. मी त्याला विरोध करीत नाही. खाजगी कंपन्या आल्या म्हणून शहरांत पार्सल एका दिवसात मिळू लागले, हे खरे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की फोनचा आवाज खेड्यापर्यंत नेणे ही बाजारात उतरणाऱ्या प्रत्येकाची सामाईक जबाबदारी आहे असे जे मंत्रालय मानते, त्याच मंत्रालयाने औषधाचे पार्सल खेड्यापर्यंत नेण्याची जबाबदारी मात्र एकट्या टपाल खात्यावर आणि पर्यायाने झोळी घेऊन फिरणाऱ्या एका डाक सेवकावर का सोडावी? दूरसंचार ग्राहकांसाठी ट्राय ही नियामक संस्था आहे. कुरिअरच्या ग्राहकाला मात्र ग्राहक आयोगाचाच दरवाजा ठोठवावा लागतो, आणि पट्ट्यांच्या एका डबीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी कोण जाईल?

टपाल खात्याचे रूपांतर एका मोठ्या सार्वजनिक मालवाहतूक संस्थेत करण्याचा मनोदय अर्थमंत्र्यांनी १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात व्यक्त केला होता. दीड लाख ग्रामीण डाकघरे आणि २ लाख ४० हजार डाक सेवक यांचा त्यांनी मुद्दाम उल्लेख केला. ते ऐकून मला मनापासून आनंद झाला. पण हा सगळा भार ज्या खांद्यांवर येणार आहे, त्यांच्याविषयी इथे स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. ग्रामीण डाक सेवक हा खात्याचा नियमित कर्मचारी मानला जात नाही. त्याचे काम कागदोपत्री चार ते पाच तासांचे असते. २०१८ साली ठरलेल्या रचनेत चार तासांसाठी डाक सेवकाचा मूळ भत्ता महिन्याला १०,००० रुपयांपासून आणि शाखा डाकपालाचा १२,००० रुपयांपासून सुरू होतो, त्यावर महागाई भत्ता मिळतो. आमचे डाक सेवक सात वाड्या चार तासांत कशा फिरतात, हे मी रोज पाहते: ते चार तासांत फिरत नाहीत. संध्याकाळी कंदिलाच्या वेळेला ते धनगरवाड्यावरून खाली उतरतात आणि त्या जादा तासांची नोंद कुठेही होत नाही. उद्या खाजगी कंपन्यांची खोकीही त्यांच्या झोळीत आली, तर खोक्यांच्या संख्येबरोबर त्यांचे मोजलेले तास आणि भत्ता वाढलाच पाहिजे. आमची सोय त्यांच्या फुकटच्या श्रमावर उभी राहणार असेल, तर ती आम्हाला नको.

म्हणून आपल्याकडे माझ्या काही मागण्या आहेत. जी कंपनी एखाद्या पत्त्यासाठी पार्सल स्वीकारते आणि त्याचे पैसे घेते, तिच्यावर ते त्याच पत्त्यावर पोहोचवण्याचे कायदेशीर बंधन असावे. तिला स्वतःला तिथे जाणे परवडत नसेल, तर तिने ते जवळच्या डाकघरात सुपूर्द करावे आणि शेवटच्या टप्प्याचा जाहीर, ठरलेला दर टपाल खात्याला द्यावा. टपाल खाते काही ई-व्यापार कंपन्यांची पार्सले करारावर आजही पोहोचवते, म्हणजे ही वाट नवी नाही. फरक एवढाच, की आज ती कंपनीच्या मर्जीवर आहे आणि ती ग्राहकाचा हक्क व्हावी, असे माझे मागणे आहे. हा दर ग्रामीण ग्राहकाच्या बिलात वेगळी ओळ म्हणून येऊ नये. तो कंपनीच्या एकूण व्यवसायात वाटला जावा, जसा तो टपालात कित्येक पिढ्या वाटला गेला. यासाठी डिजिटल भारत निधीसारखी लहानशी वर्गणी मोठ्या कंपन्यांकडून घ्यायची झाली, तर घ्यावी. मात्र तो पैसा तिजोरीत पडून न राहता डाक सेवकांच्या तासांवर आणि पिशव्या वाहणाऱ्या गाड्यांवर खर्च झाला पाहिजे.

‘ग्राहक घरी आढळला नाही’ या शेऱ्याचाही बंदोबस्त व्हावा. पार्सल घेऊन जाणाऱ्याच्या मोबाइलवर त्याची जागा नोंदवली जातेच. ती जागा पत्त्याच्या जवळपास नसेल, तर हा शेरा स्वीकारलाच जाऊ नये. त्या जागी ‘आम्ही गेलो नाही’ असे लिहिण्याची मुभा त्या मुलाला मिळावी, म्हणजे त्याला खोटे लिहावे लागणार नाही आणि कंपनीला आपले न पोहोचलेले पत्ते खरेखुरे मोजावे लागतील. पार्सल दारात येणार की तालुक्याच्या ठिकाणी थांबणार, हे पैसे भरण्याआधी सांगितले जावे. ई-वाणिज्यासाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम विक्रेत्याला पाठवणीची माहिती देण्यास सांगतात. ‘घरपोच’ या शब्दाचा अर्थ त्या नियमांत घराच्या उंबरठ्यापर्यंत असाच लावला जावा, यासाठी आपण ग्राहक व्यवहार मंत्रालयाशी बोलावे.

शाखा डाकघरांच्या बाबतीत मागणी साधी आहे. जिथे बचत गट, बागायतदार किंवा लहान कारागीर नियमित माल पाठवतात, तिथे पिशवीपुरती मर्यादा न ठेवता आठवड्यातून निदान दोन दिवस टपालाची गाडी यावी. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सवलतीची सेवा खात्याने सुरू केली, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून. आमच्या शाळेच्या वाचनालयाला तिचा उपयोग होत आहे आणि त्याबद्दल खात्याचे आभार मानते. गावात तयार होणाऱ्या खाद्यपदार्थांसाठी आणि बियाण्यांसाठी अशीच एक सवलतीची सेवा काढता येईल, असे मला वाटते.

यावर ‘हे महाग पडेल’ असे आपल्याला सांगितले जाईल. ते महाग आज आहेच. काकीच्या पट्ट्या मुंबईहून देवरुखला आल्या, तिथून परत मुंबईला गेल्या, नंतर दुसऱ्या पट्ट्या पुन्हा मुंबईहून निघाल्या. मुलाने पैसे दोनदा भरले, पहिले परत मिळायला तीन आठवडे लागले आणि मधले आठ दिवस काकीने साखर न तपासताच काढले. त्या आठवड्यात तिला दोनदा भोवळ आली होती.

आपण आमच्याकडे एखादा अधिकारी पाठवावा, ही विनंती. त्याने जुलै महिन्यात यावे, उन्हाळ्यात नको, कारण उन्हाळ्यात पऱ्या कोरडा असतो आणि सगळेच सोपे वाटते. सकाळी टपालाची पिशवी उतरते तेव्हापासून तो आमच्या डाक सेवकांबरोबर सातही वाड्या फिरला आणि शेवटचे पार्सल देऊन झाल्यावर किती वाजले एवढे त्याने लिहून घेतले, तरी पुढच्या चर्चेला पुरेसा आधार मिळेल. त्याच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय आमचा बचत गट करील.

आपली नम्र,
महिला बचत गटाची एक सभासद,
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी